प्रोग्राम संपतच नाही!

प्रश्न: नोडमधला (जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) माझा प्रोग्राम सोयाबीनचे भाव आणतो, छापतो, पण बंद होत नाही. कंट्रोल-सी दाबावं लागतं. कोड सोबत पाठवलाय.
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर: भाऊ, कोड चालवून पाहिला. सर्व्हर जिवंत आहे का, हे दर 30 सेकंदांनी विचारणारा सेटइंटरव्हल टायमर तुम्ही लावलाय आणि काढलाच नाही. नोडचा इव्हेंट लूप (आलेली कामं एकेक करून चालवणारं चक्र) प्रत्येक फेरीला बघतो: चालू टायमर, उघडं सॉकेट (नेटवर्कची जोडणी), अर्धवट विनंती, काही शिल्लक आहे का? असेल तर तो थांबत नाही. आपल्याकडं शेवटच्या पंगतीत एक जण जरी जेवत असला तरी वाढपी हलत नाहीत, तसंच. काम झालं की क्लिअरइंटरव्हल करून टायमर काढा. नाहीतर टायमरवर अनरेफ लावा, मग लूप त्याला मोजत नाही. प्रोग्राम जागच्या जागी बंद करणारं प्रोसेस.एक्झिट मात्र नको, लिहायचं राहिलेलं तसंच तुटतं. उदगीरच्या आडतीची दिवसभराची नोंद माझ्या हातून अशीच गेली. अजून मनाला लागतं.

पायथन या दुसऱ्या भाषेत उलटं. तिथला लूप चालवणारं असिंकआयओ.रन मुख्य कोरुटीन (मधे थांबून पुन्हा चालू होऊ शकणारं फंक्शन) संपली की उरलेली कामं रद्द करून लूप बंद करतं. तिथं कामं पुरी व्हायला हवी असतील तर गॅदर लावून थांबावं लागतं.