सहल दोन दिवसांची, प्रश्न खरेपणाचे

शनिवार-रविवारच्या सहलींच्या निमित्ताने वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही, आमच्या उत्तरांसह.

प्रश्न : बागेत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत होता. आमचा मुलगा सव्वासहा वर्षांचा. यांनी त्याला 'विचारलं तर पाच सांग' म्हणून पढवलं. एवढ्याशा गोष्टीने खरंच काही बिघडतं का?

बिघडतं. रक्कम किरकोळ असली तर मुलगा हेच शिकतो की किरकोळ फायद्यासाठीही खोटं चालतं. 2014 साली हेज आणि कार्व्हर या अमेरिकी संशोधकांनी 3 ते 7 वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग इथे आठवण्याजोगा आहे. काही मुलांना मोठ्या माणसाने आधी 'शेजारच्या खोलीत वाडगाभर गोळ्या आहेत' अशी थाप मारली आणि मग ती थाप होती हे कबूलही केलं. नंतर प्रत्येक मुलाला 'मागचं खेळणं बघायचं नाही' असं बजावून एकटं सोडलं. शाळेत जाणाऱ्या वयाच्या मुलांपैकी ज्यांना थाप मारली नव्हती, त्यांतल्या सुमारे 60 टक्क्यांनी डोकावून पाहिलं आणि डोकावणाऱ्यांपैकी सुमारे 60 टक्के त्याबद्दल खोटं बोलले. ज्यांना थाप मारली होती, त्यांच्यात हेच आकडे जवळपास 80 आणि 90 टक्के निघाले. त्या प्रयोगात मोठी माणसं नुसतं खोटं बोलली होती. तुमच्याकडे तर मुलालाच बोलायला लावलं.

झालं ते दुरुस्त होतं. ज्यांनी पढवलं त्यांनीच मुलाला सांगावं : "त्या दिवशी तुला पाच सांगायला लावलं, ते माझं चुकलं. आता आपण पूर्ण तिकीट काढणार." एवढंच, लांबलचक भाषण नको. पुढच्या वेळी निघण्याआधीच वयाची अट पाहा आणि खर्च पूर्ण तिकिटाचा धरा. खिडकीपाशी पोचल्यावर हिशेब करायला गेलं की मोह होतोच.

प्रश्न : मुक्कामाच्या खोलीत नऊ वर्षांच्या मुलीने टेबललॅम्प पाडला आणि तुकडे पलंगाखाली सारले. मी विचारलं, "तू फोडलास का?" ती सरळ "नाही" म्हणाली. मी चिडून तिचं पोहणं बंद केलं. संपूर्ण रविवार रडण्यात गेला. काय करायला हवं होतं?

पहिली अडचण प्रश्नातच आहे. उत्तर तुम्हाला माहीत होतं. माहीत असलेलं विचारलं की मुलाला पळवाट दिसते आणि घाबरलेलं मूल तीच धरते. त्यानंतर लॅम्प बाजूला राहतो आणि 'नाही' वरच भांडण पेटतं. त्याऐवजी दिसतं ते सांगा : "लॅम्प फुटलाय, तुकडे पलंगाखाली आहेत. आधी काचा उचलू, मग काय करायचं ते ठरवू."

काचा उचलताना सगळ्यांच्या पायांत चपला हव्यात, लॅम्पचा प्लग आधी काढायचा. मोठे तुकडे मोठ्या माणसानेच उचलून जाड कागदात गुंडाळावेत, बारीक कणांसाठी ओला कागद फरशीवर दाबून फिरवावा. मुलीकडे कचऱ्याची पेटी धरायला द्या. हात कामात असले की बोलणं सोपं जातं. बरीच मुलं याच वेळी आपणहून सांगतात.

मग तिला घेऊन स्वागतकक्षात जा. जाण्याआधी दोन वाक्यं ठरवून घ्या : काय फुटलं, आणि भरपाई किती द्यायची. ती वाक्यं तिने बोलायची. तुम्ही शेजारी उभं राहायचं आणि ती अडखळली तरी पाच-सात सेकंद थांबायचं. बहुतेक पालक इथेच घाई करून स्वतः बोलून टाकतात आणि नेमका महत्त्वाचा भाग हुकतो. भरपाई तुम्ही द्या. तिच्या सहलीखर्चातून थोडा वाटा घ्यायला हरकत नाही, पण सगळे पैसे काढून घेऊ नका.

पोहणं बंद करण्याचा लॅम्पशी काहीच संबंध नव्हता, म्हणून तिला ती शिक्षा पकडलं गेल्याची वाटली. टॅलवर आणि ली या संशोधकांनी 2011 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या 3-4 वर्षांच्या मुलांची तुलना केली होती. कडक शिक्षेच्या शाळेतली मुलं अधिक खोटं बोलली, शिवाय ते खोटं अधिक सफाईने निभावलं. मात्र 'खरं सांगितलंस, आता सगळं माफ' हेही टोक नको. भरपाई करायचीच, फक्त खरं सांगितल्याने ती वाढता कामा नये. आणि हे बोलणं भावंडांसमोर नको.

कोणी केलं हे खरोखरच माहीत नसेल, तर विचारण्याआधी शब्द घ्या : "जे सांगशील ते खरं सांगशील, कबूल?" असा शब्द घेतल्यावर खोटं बोलणाऱ्या मुलांचं प्रमाण कमी होतं, असं प्रयोगांत दिसलं आहे.

प्रश्न : आमची साडेतीन वर्षांची मुलगी 'मी समुद्रात हत्ती पाहिला' असं सगळ्यांना सांगते. टोकावं का?

नको. हा खेळ आहे. "मग हत्तीने काय केलं?" असं विचारा. कधीमधी "ही गोष्ट आहे की खरंच झालं?" एवढं विचारलंत तरी फरक तिच्या लक्षात येत जातो.

प्रश्न : गाडीत चार तासांचा प्रवास आहे. खरेपणावर कोणत्या गोष्टी सांगाव्यात?

'लांडगा आला रे आला' सगळ्यांना आठवते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 3 ते 7 वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी ऐकवल्या. खोटं बोलणाऱ्याची फजिती होते अशा गोष्टींनी फरक पडला नाही. जॉर्ज वॉशिंग्टनने चेरीचं झाड तोडल्याचं कबूल केलं आणि वडील खूश झाले, या गोष्टीने पडला. तिचाच शेवट उलटा करून सांगितला तेव्हा तो परिणामही गेला. म्हणजे खरं बोलल्याने काय चांगलं होतं, हे गोष्टीत दिसायला हवं. वॉशिंग्टनची ती कथा इतिहास म्हणून सांगू नका. ती एका चरित्रकाराने त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकात घातलेली दंतकथा आहे.

गोष्ट दहा मिनिटांच्या आत संपवा आणि शेवटी 'मग काय शिकलास?' विचारू नका. मुलं तिथे तुम्हाला हवं तेच उत्तर देतात.

प्रश्न : शुक्रवारी निघता यावं म्हणून शाळेला 'ताप आहे' असं कळवलं. मुलगा सोमवारी शाळेत जायलाच घाबरतोय.

कारण तुमचं खोटं आता दिवसभर त्याला एकट्याला सांभाळायचं आहे. मित्रांना सहलीचं सांगावं की नाही, बाईंनी तब्येत विचारली तर काय म्हणावं, हा भार दहा वर्षांच्या मुलाला झेपत नाही. सोमवारी सकाळी, तो वर्गात बसायच्या आत, तुम्ही स्वतः शाळेला कळवा : "शुक्रवारी तो आजारी नव्हता, आम्ही बाहेरगावी गेलो होतो. कारण चुकीचं दिलं, क्षमस्व." हे केल्याचं त्याला घरीच सांगा, म्हणजे तो मोकळेपणाने बोलेल. बुडालेला अभ्यास कोणाकडून उतरवून घ्यायचा, हेही त्याच वेळी विचारून घ्या.