मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचं, म्हणजे बदलाची कारणं पेशंटच्याच तोंडून यावीत अशा संवादपद्धतीचं, दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तरी पेशंटसमोर बसलं की माझा उपदेशच सुरू होतो. आता कुठला कोर्स करू?

सध्या कुठलाच नको. व्यसनमुक्ती केंद्रात तुम्ही नवे आहात, पण माहिती तुमच्याकडे पुरेशी आहे. तुमचं बोलणं ऐकून कुठे घसरलात ते सांगणारं माणूस शोधा.

ही पद्धत मांडणाऱ्या विल्यम मिलर यांनीच सहकाऱ्यांसोबत अमेरिकेत हे तपासलं होतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात व्यसनोपचारातले १४० व्यावसायिक होते. कार्यशाळेनंतर ज्यांना स्वतःच्या रेकॉर्डिंगवर अभिप्राय किंवा फोनवर मार्गदर्शन मिळालं, त्यांचं कौशल्य जास्त वाढलं. आणि ‘मला हे चांगलं जमतं’ असं सांगणाऱ्यांचा प्रत्यक्ष कामाशी मेळ बसत नव्हता. म्हणून प्रमाणपत्र फ्रेम करायची घाई नको.

पेशंटची लेखी संमती घेऊन एक सेशन रेकॉर्ड करा. त्यातली वीस मिनिटं ऐका आणि कागदावर दोन रकाने पाडा: तुम्ही विचारलेले प्रश्न, आणि पेशंटच्या म्हणण्याचा आशय धरून केलेली विधानं. एका प्रश्नामागे दोन विधानं असली तर उत्तम. नव्या समुपदेशकाचा कागद बहुतेकदा नेमका उलटा भरतो.

समजा पेशंट म्हणाला, “बायकोनं आणलं म्हणून आलो. मी काय रोज पीत नाही.” इथे जीभ शिवशिवते: “अहो, पण लिव्हरचा रिपोर्ट बघितलात का?” की लगेच तो दारूची वकिली सुरू करणार. त्याऐवजी, “तुमच्या मते एवढं काही बिघडलेलं नाही, पण वहिनी धास्तावल्यात,” असं म्हणा आणि थांबा. वाक्याच्या शेवटी सूर खाली येऊ द्या. वर गेला की तो प्रश्न होतो. मग कधीकधी तोच म्हणतो, “धास्तावणारच की, मागच्या महिन्यात पगार घरी गेलाच नाही.” बदलाची बाजू आता तो मांडतोय. तिथेच रेंगाळा, पगाराबद्दल त्यालाच बोलू द्या.

आपल्याकडे बरेच समुपदेशक स्वतः व्यसनातून बाहेर आलेले असतात. “मी सोडली, तूही सोडशील” हे त्यांच्या तोंडी पटकन येतं. मन साफ असतं, पण पेशंटचं बोलणं तिथेच तुटतं. तुम्हीही त्यांच्यातले असाल तर हे वाक्य कितीदा आलं तेही मोजा.

केंद्रात ऐकणारं कोणी नसेल तर ओळखीचे दोन-तीन समुपदेशक महिन्यातून एकदा बसा. प्रत्येकानं दहाच मिनिटांचा तुकडा आणायचा, नाव-गाव काढून.