"बरगडी मोडली तर?" या भीतीपायी हात मागे घेऊ नका

प्रश्न: गेल्या गणपतीत सोसायटीत आरती चालू असताना शेजारचे काका अचानक कोसळले. आम्ही पंधरा-वीस जण होतो, कोणी तोंडात पाणी घालतंय, कोणी कांदा हुंगवतंय, कोणी तळपाय चोळतंय, एकजण म्हणाले गॅस झालाय. काका मधूनच घोरल्यासारखा श्वास घेत होते म्हणून आम्हाला वाटलं शुद्धीवर येतायत. हॉस्पिटलमध्ये नेलं तर डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. मनातून जातच नाहीये ते. मी ५४ वर्षांची गृहिणी, मला सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देणं, जमेल का? आणि चुकून बरगडी मोडली तर पोलीस केस होते का?
- एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आधी तुमच्या मनावरचं ओझं थोडं कमी करते. त्या दिवशी तुम्ही कोणी कमी पडला नाहीत, तुम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. मी कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढलीयेत आणि "श्वास चालू होता हो डॉक्टर" हे वाक्य नातेवाईकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की पोटात कालवतं. तो श्वास नसतो, ते आचके असतात. हृदय बंद पडल्यावरही माणूस मिनिटभर किंवा जास्तच, थांबून थांबून, मासा पाण्याबाहेर करतो तसं तोंड उघडतो, घोरल्यासारखा आवाज येतो, आणि सगळे वाट बघत बसतात. मेंदूला रक्त मिळालं नाही तर चार-सहा मिनिटांतच इजा व्हायला लागते आणि सांगलीत काय पुण्यात काय, एवढ्यात अँब्युलन्स पोचणं अवघडच.

म्हणून एवढंच डोक्यात ठेवा. खांदे हलवून जोरात हाक मारा, उत्तर नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, की सुरू करायचं. श्वास बघण्यात दहा सेकंदांच्या वर घालवू नका. एकाच माणसाकडे बोट दाखवून सांगा, "तुम्ही १०८ लावा, स्पीकरवर ठेवा", नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने लावला असेल. पाणी अजिबात पाजू नका, बेशुद्ध माणसाच्या ते श्वासनलिकेत जातं.

माणूस पलंगावर असेल तर खाली फरशीवर घ्या, गादी दबते आणि सगळा जोर तिच्यातच जातो. बाजूला गुडघ्यावर बसा, तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, दुसरा हात त्याच्यावर. आमच्या शिबिरात बायका म्हणतात, म्हणजे कणीक तिंबल्यासारखं ना? जोर तोच, पण कोपर वाकवायचं नाही, हात ताठ आणि खांदे बरोबर हातांच्या वर, म्हणजे अंगाचं वजन कामाला येतं आणि ताकद कमी लागते. ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण तेव्हाच हृदयात रक्त भरतं. डमीवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, पहिल्यांदा बसणारे जवळजवळ सगळे हळू दाबतात, बिचाऱ्याला दुखेल म्हणून. दोन मिनिटांत दम लागतो, वय ५४ असो की २४, म्हणून दुसऱ्याला बसवा, पण मधे थांबू नका, माणूस हलेपर्यंत किंवा अँब्युलन्सवाले ताबा घेईपर्यंत.

तोंडाने श्वास द्यायचं शिकला नसाल तर मोठ्या माणसाला नुसते दाब द्या, आपल्याकडे सामान्य लोकांना हेच शिकवायची पद्धत आहे. लहान मुलं आणि बुडालेला माणूस यांना मात्र श्वासही लागतो, ते क्लासमध्ये नीट शिकून घ्या.

बरगडीचं म्हणाल तर मोडते कधीकधी, म्हाताऱ्या माणसांची तर जास्तच, हाताखाली कट्ट असं जाणवतं आणि अंगावर काटा येतो. तरी थांबायचं नाही. मोडलेली बरगडी काही आठवड्यांत जुळते हो. केसची भीतीही काढून टाका. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४अ आणून संरक्षण दिलंय, आणि घरी-सोसायटीत सद्हेतूने, माणूस वाचावा म्हणून केलेल्या कृतीला जुन्या दंड संहितेत कलम ९२ होतं, ती तरतूद नव्या न्याय संहितेतही आलीय.

शिकायला रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अँब्युलन्सच्या जवळच्या शाखेत विचारा. नुसता व्हिडिओ बघून समाधान मानू नका, डमीवर पूर्ण दोन मिनिटं स्वतः दाबून बघा, जोर किती लागतो ते तेव्हाच कळतं. सोसायटीतले दहा-बारा जण जमत असतील तर शिकवणाऱ्यांनाच हॉलमध्ये बोलवा, आणि वॉचमनदादांना नक्की बसवा, अँब्युलन्स आली की गेट उघडून लिफ्ट खाली धरून ठेवायला तेच असतात.