वाचकांचे प्रश्न : नवतपातला फझ

प्रश्न : आजोबांच्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतले दोन एसी१२८ (जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर) काढून मी फझ फेस या गिटारचा आवाज भरड करणाऱ्या पेडलच्या सर्किटवर घरीच पेडल बनवलं. जानेवारीत आवाज भरदार होता. आता मे महिन्याच्या दुपारी सूर लांबतच नाही, मध्येच तुटतो. कूलरसमोर ठेवलं की थोड्या वेळाने सुधारतं. मित्र म्हणतात, जर्मेनियम काढून सिलिकॉन टाक. टाकू का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : नका टाकू. गार झाल्यावर आवाज परत येतो, म्हणजे ट्रान्झिस्टर शाबूत आहेत. ट्रान्झिस्टरला तीन पाय : बेस हा नियंत्रणाचा, बाकीचे दोन एमिटर आणि कलेक्टर. जर्मेनियममध्ये बेसला काही दिलं नाही तरी थोडा करंट वाहतोच. दुकानात आम्ही त्याला लीकेज म्हणतो. तापमान दहा अंशांनी चढलं की ते साधारण दुप्पट होतं. जानेवारीतले १५ अंश आणि नवतपातले (मे-अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतले) ४५ अंश, म्हणजे जवळपास आठपट! १९६६ साली हे सर्किट निघालं ते लंडनमध्ये, तिथे असलं ऊन कुठलं?

यात पहिला ट्रान्झिस्टर दुसऱ्याला थेट जोडलेला असतो, मध्ये कंडेन्सर नाही. त्यामुळे पहिल्याचं लीकेज वाढलं की दुसऱ्याचा बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचा ठरलेला व्होल्टेज, सरकतो. दुसऱ्याच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. तिथल्या ८.२ के (किलोओहम) रेझिस्टरच्या जागी २० के चा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावा आणि डब्याला स्क्रूड्रायव्हर जाईल एवढं भोक पाडा. भर दुपारी मीटर लावून साडेचारवर आणा, थंडी पडली की पुन्हा फिरवा.

त्याआधी दोघांचं लीकेज मोजा. एमिटर ९ व्होल्ट बॅटरीच्या प्लसला, कलेक्टर २.४ के रेझिस्टरमधून मायनसला, बेस मोकळा. रेझिस्टरवर ०.२४ व्होल्ट दिसले तर लीकेज १०० मायक्रोॲम्पियर. ट्रान्झिस्टर बोटांत धरून पाहा, आकडा डोळ्यांदेखत चढतो. म्हणून हात काढा, आकडा स्थिर होऊ द्या, मगच लिहून घ्या. कमी लीकेजचा नग पहिल्या जागी. गेन (करंट किती पट वाढतो तो आकडा) पहिल्याला ७०-८०, दुसऱ्याला १२० च्या आसपास असला की छान जमतं. साध्या मीटरचा एचएफई (म्हणजे गेनचा) आकडा मात्र लीकेज धरून येतो, त्यावर विसंबू नका. आणि कृपा करून सॉकेट वापरा. जर्मेनियमला सोल्डरिंगचा ताव सोसत नाही, आणि आजोबांच्या रेडिओतले हे नग पुन्हा मिळायचे नाहीत.

बीसी१०८ सारखा सिलिकॉन उन्हात टिकतो, हे खरं. पण तो एनपीएन आहे, म्हणजे एसी१२८ च्या उलट ध्रुवांचा, म्हणून बॅटरी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर उलटे करावे लागतील, आणि आवाजही जास्त तिखट येईल. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की जर्मेनियम जसा स्वच्छ, मऊ होतो, त्यासाठी वर्षातून दोनदा प्रीसेट फिरवायला माझी तरी ना नाही. हौस असेल तर सिलिकॉनचं दुसरं पेडल बनवा.

प्रश्न : ट्यूब स्क्रीमरसारख्या ओव्हरड्राइव्हला (गिटारचा आवाज थोडा फाटका करणाऱ्या पेडलला) जुनाच जेआरसी४५५८ हा ऑपॲम्प (आवाज वाढवणारी चिप) लागतो का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नाही. आवाजाचा बराच भाग फीडबॅकमधले (आउटपुट परत इनपुटकडे नेणाऱ्या वाटेवरचे) दोन डायोड आणि ४.७ के रेझिस्टर व ०.०४७ मायक्रोफॅरड कंडेन्सरची जोडी ठरवते. या जोडीमुळे ७२० हर्ट्झच्या खाली गेन कमी मिळतो आणि जाड तारा गढूळ वाजत नाहीत. सीताबर्डीत मिळेल तो चांगला ४५५८ घ्या, डायोड १एन४१४८. वाचलेल्या पैशात ॲल्युमिनियमचा डबा घ्या आणि तो ग्राउंडला जोडा. प्लास्टिकच्या डब्यात कूलरच्या मोटरची घरघर शिरते.