१२३४५६७८९८७६५४३२१ ही मूळ संख्या आहे का? तिच्यात खास काही आहे का?

मूळ नाही. नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, हा वर्ग आहे. गुणाकार मांडून पाहा: उभ्या बेरजा १, २, ३ अशा ९ पर्यंत चढतात आणि तशाच उतरतात. हातचा कुठेच येत नाही, म्हणून अंक इतके शहाण्यासारखे बसतात. दहा एकांची संख्या घेतलीत की मधली बेरीज १० होते आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा विस्कटतो. या घराण्याला गणिती द. रा. कापरेकरांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटलं, तेही एका रेल्वे स्टेशनवरून.

इथवर सगळेच सांगतात. मला खरी गंमत अवयवांत वाटते. १११११११११ = १११ × १००१००१. त्यातले १११ म्हणजे ३ × ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. तेव्हा तुमच्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. प्रत्येक घातात एक मिळवून गुणलं की विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

आता ३३३६६७ मूळ कशावरून? सरळ मार्गाने गेलात तर ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागत बसावं लागेल. पण तिचा p हा मूळ अवयव असेल, तर तो ९९९९९९९९९ लाही भागतो. म्हणजे १० च्या नवव्या घाताला p ने भागल्यास बाकी १. ही बाकी तिसऱ्याच घाताला आली असती, तर १००१००१ ची बाकी १ + १ + १ = ३ झाली असती आणि p ला ३ च असावं लागलं असतं. ते शक्य नाही, कारण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ आहे. (पहिल्या घाताला आली तर तिसऱ्यालाही येतेच.) म्हणून बाकी १ पहिल्यांदा येते ती नेमकी नवव्या घाताला. फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की p − १ व्या घातालाही बाकी १ च येते, म्हणून p − १ ला ९ ने भाग जायला हवा. p विषम, म्हणजे १८ नेही. अशा मूळ संख्या १९, ३७, ७३ पासून ५७७ पर्यंत फक्त १७ उरतात. कागदावर अर्ध्या तासाचं काम. एकीनेही भाग जात नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट हाती लागते. १/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७…, आवर्तन (पुन्हा पुन्हा येणारा अंकांचा गट) ९ अंकांचं. नऊ अंकी आवर्तन असलेली दुसरी मूळ संख्याच नाही. १/३७ = ०.०२७०२७… हे तीन अंकी, तिथेही ३७ एकटीच. एक अंकी आवर्तनात ३ एकटीच. सहा अंकी आवर्तनात मात्र ७ आणि १३ अशा दोघी आहेत. तुमच्या संख्येचे तिन्ही मूळ अवयव असे एकांडे आहेत.

जाता जाता: ३७ × ३३३६६७ = १२३४५६७९, आणि याच्या अंकांची बेरीजही ३७. याला कारण शोधत बसू नका, मी बसलो होतो.