शनिवारची गोळी चुकवली तर चालेल का?

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न वाचून हसू आलं. औषधांच्या काउंटरमागे मी तीस वर्षं काढली आणि हा प्रश्न निरनिराळ्या चेहऱ्यांनी मला विचारला. दाढेतल्या संसर्गासाठी मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक चालू आहे, शनिवारी पार्टीत दारू होणार, त्या दिवशीच्या गोळ्या घेतल्या नाहीत तर चालेल ना?

चालणार नाही. शनिवारची गोळी टाळलीस म्हणून शुक्रवारची अंगातून निघून जात नाही. या औषधाच्या माहितीपत्रकात कोर्स संपल्यावरही दोन-तीन दिवस दारू घेऊ नका असं सांगितलेलं असतं, ते त्यासाठीच. दोन्ही एकत्र आल्यावर तोंड लाल होणं, छातीत धडधडणं, उलट्या, हे प्रत्येकाला होतंच असं नाही. पण आपल्याला होतं की नाही, याचा शोध पार्टीत लावायचा का? शिवाय डोस चुकले की दाढेतला संसर्ग परत उसळायला मोकळा.

पण तू विचारलंस, हे मला फार आवडलं. बहुतेक जण विचारतच नाहीत. आपण होऊन ‘किती घेता?’ म्हटलं, तर आवाज खाली जातो, ‘थोडीशी’ म्हणतात आणि अंगठा नि बोट यांच्यात जरासं अंतर धरून दाखवतात. ग्लास केवढा, ते त्या बोटांत दिसत नाही. म्हणून मी मिलिलिटरमध्ये विचारायला लागले. ‘मी फक्त बिअर घेतो’ हे वाक्य तर हमखास ऐकू यायचं. ३३० मिलिलिटर बिअर, ५ टक्क्यांची, म्हणजे साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा पेग म्हणजे साडेनऊ ग्रॅम. आता कोण ‘फक्त’ घेतंय ते तूच ठरव. यकृत तासाला ढोबळमानाने सात ते दहा ग्रॅम निकालात काढतं. काळी कॉफी पाजा, डोक्यावर गार पाणी ओता, ते आपला वेग बदलत नाही.

एक संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. दुकानाच्या पायरीवर एक गृहस्थ बसले होते. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, जीभ जड, बोलणं असंबद्ध, तोंडाला वास. येणारे-जाणारे ‘चढलीय’ म्हणून पुढे जात होते. मीही जवळजवळ तेच म्हटलं होतं. पण मधुमेहाच्या त्यांच्या गोळ्या आमच्याकडूनच जात, म्हणून बोट टोचून पाहिलं. साखर ४२. रिकाम्या पोटी दोन पेग आणि वर साखर उतरवणारी गोळी! यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की रक्तात नवी साखर सोडायचं काम मागे पडतं आणि गोळी तर तिचं काम करतच राहते. शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून साखरेचं पाणी पाजलं आणि लगेच डॉक्टरांकडे नेलं. साखर उतरलेला माणूस आणि प्यायलेला माणूस वरून अगदी सारखे दिसतात. हे लक्षात ठेव, तुझ्या मित्रांतही कुणी इन्सुलिनवर असेल.

बाकीचं भरभर सांगते. झोपेच्या गोळ्या आणि अफूच्या वर्गातली वेदनाशामकं दारूबरोबर कधीच नाहीत, श्वास मंदावत जाऊन थांबू शकतो. सर्दीच्या गोळीने येणारी गुंगीही दारूने वाढते, त्यावर गाडी चालवू नये. आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या दारूबरोबर घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. रोज पिणाऱ्याने पॅरासिटामॉलसुद्धा विचारूनच घ्यावी. आणि झोप लागावी म्हणून घेतलेला पेग झोप लवकर आणतो खरा, पण उत्तररात्री ती मोडतो. ‘थोडी तब्येतीला चांगली’ हे तू ऐकलं असशीलच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की निर्धोक असं प्रमाणच नाही. कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात तर मद्य १९८८ पासून आहे. यावर मी तुला प्रवचन देणार नाही.

पत्राच्या शेवटी तू काकांबद्दल ओझरतं लिहिलंस, ते मात्र मला पार्टीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरतो, दारूचा एक घोट घेतला की थांबतो, आणि पुढच्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन आहे. घरचे म्हणतात, ‘आजपासून बाटली बंद.’ असं घरच्या घरी एकदम बंद करू देऊ नकोस. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन-चार दिवसांत भ्रम होऊन माणूस ओळखही विसरतो. ते जिवावर बेतू शकतं. ऑपरेशनसाठी दाखल झाल्यावर नेमकं हेच घडतं, आणि तिथल्या लोकांना कारण माहीत नसतं, कारण फॉर्मवर ‘कधीतरी’ लिहिलेलं असतं.

सोडायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन सोडता येते. काकांना आधी एकट्यात गाठ, चारचौघांत नको. तयार झाले तर उत्तमच. नाही झाले, तर ऑपरेशनच्या दिवसाची वाट न पाहता भूलतज्ज्ञांना तू स्वतः भेट आणि रोज किती, किती वर्षं, शेवटची केव्हा, हे मिलिलिटरमध्ये सांग. काका रागावतील. रागावू देत.

दाढ कशी आहे ते कळव.

तुझी,
मावशी