परदेशी निधीतून राष्ट्रीय वकील संघटनेला मदत देणाऱ्या प्रकल्पाचं मूल्यमापन करताना सर्वात आधी काय बघावं?

निधी थांबल्यावर संघटना स्वतःच्या वर्गणीवर चालेल का, आणि सनद देण्याचा अधिकार तिच्याच हातात राहील का, हे आधी बघा. कार्यशाळांचे आकडे अहवालात आपोआप येतातच. ओईसीडी या (बहुतेक श्रीमंत) देशांच्या आर्थिक संघटनेने मदत-प्रकल्प तपासण्यासाठी ठरवलेल्या सहा निकषांत टिकाऊपणा शेवटी येतो, पण अशा प्रकल्पाची खरी परीक्षा तिथेच होते. अफगाणिस्तानातली स्वतंत्र वकील संघटना २००८ मध्ये इंटरनॅशनल बार असोसिएशनच्या मदतीने उभी राहिली. प्रत्येक सदस्याने वर्षाला तीन फौजदारी खटले फुकट लढवायचे, असा तिचा नियम होता. असा नियम कागदावर दिसला म्हणून लगेच बरोबरची खूण करू नका. कोर्टातली वकीलपत्रं काढा, कच्च्या कैद्यांना विचारा: वकील पहिल्यांदा कधी भेटला, अटकेनंतर लगेच की थेट सुनावणीच्या दिवशी? वकिलांविरुद्धच्या तक्रारींचं पुढे काय झालं, तेही नोंदवहीत तपासा. मात्र नोव्हेंबर २०२१ मध्ये तालिबानने सनदेचा अधिकार न्याय मंत्रालयाकडे घेतला, तसल्या राजकीय धक्क्याचं खापर प्रकल्पावर फोडता येत नाही. ती जोखीम आराखड्यात धरली होती का, एवढं विचारावं.